अठ्ठ्याहत्तर, बरोबर

आमच्या घरमालकांनी मला तीन वर्षांत एकदाही हिरवी चिठ्ठी दिली नाही. मी गच्चीचं दार रोज आठवणीने लावलं, नळ कधी ठिबकत ठेवला नाही, जिन्यात चपला काढल्या नाहीत, तरी खोली सोडायच्या दिवशीही माझ्या दारावर पिवळीच चिठ्ठी होती. पिवळी म्हणजे ‘होल्ड’. वस्तू वाईट आहे असं सिद्ध झालेलं नाही, पण चांगली म्हणायला पुरावा अपुरा आहे, असा तिचा अर्थ.

काका, म्हणजे हे घरमालक, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तयार माल त्यांच्या टेबलावरून जायचा आणि जाताना हिरवी, लाल किंवा पिवळी चिठ्ठी लावून घ्यायचा. निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. काकांनी शिवाय चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे आणले, तेही रीतसर गेटपास करून. त्यानंतर सिडकोतल्या त्या घरात चिठ्ठीवाचून काही राहिलं नाही. पहिली लाल चिठ्ठी निरोपाच्या घड्याळालाच लागली, कारण ते दिवसाला चाळीस सेकंद मागे पडत होतं. मिक्सरलाही लाल होती, पण काकू त्यातच शेंगदाण्याची चटणी वाटायच्या. “लाल हाय म्हणून काय त्याला दुखतंय का,” म्हणायच्या.

नाशकात एकट्या मुलीला खोली मिळवायची म्हणजे आधी आडनाव सांगा, मग काय खाता ते सांगा, मग लग्नाचं काय ते सांगा. मी नांदगावहून येऊन पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले होते, आणि आठ दिवसांत या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन थकले होते. काकांनी एकच प्रश्न विचारला.

“तुमच्या लॅबमधल्या मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं?”

“आज सकाळी सातला,” मी म्हणाले. “रोज करतो. ते जुळल्याशिवाय पहिला पेशंट घेत नाही.”

त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. आडनाव त्यांनी पुढे चार महिन्यांनी विचारलं, तेही गॅसच्या नोंदणीसाठी.

मला ते शेवटपर्यंत ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. काकू पहिल्या दिवसापासून ‘पोरी’ म्हणायच्या. काकू विंचूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. चाळीस वर्षं शहरात काढूनही त्यांच्या बोलण्यातला गाव हलला नव्हता. काका इगतपुरीचे. तिथल्या ओलीत लोखंड एका आठवड्यात गंजतं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आतून गंजत असणार, फक्त आपल्याला अजून दिसलेलं नाही, अशा समजुतीने ते सगळ्याकडे बघत. माणसांकडेसुद्धा.

तर अशा या माणसाच्या हातात भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते आले.

माझ्या आधी त्या खोलीत एक आयटीतली मुलगी राहायची. ती बंगळुरूला गेली आणि माळ्यावर एक डबी विसरली. काकांनी तिला फोन केला, तर ती म्हणाली, “काका, तुम्हीच ठेवा, मला आता लागत नाहीत.” काकूंनी त्यावर, “लागत नाय म्हणजे कळलं असंल तिला काय कळायचं ते,” असा निकाल दिला. काकांना ते पटलं नाही. घरात एक मोजायचं साधन आलं आहे आणि ते तपासल्याशिवाय पडून आहे, ही गोष्ट त्यांना झोपू देईना.

लोक टॅरो शिकायला बसतात तेव्हा मेणबत्ती लावतात, श्वास मोजतात, असं मी रील्समध्ये पाहिलं होतं. काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा पुसला आणि मायक्रोमीटर काढला. मग सगळे पत्ते मोजले. डबीतल्या पुस्तिकेत अठ्ठ्याहत्तर लिहिलेले होते, भरलेही अठ्ठ्याहत्तर. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला गच्चीवरच्या खोलीतून खाली बोलावलं.

“मॅडम, मोजा.”

“तुम्ही मोजलेत ना?”

“एकाने मोजलेलं मोजलेलं नसतं.”

मी दहा-दहाच्या गड्ड्या लावल्या. सात गड्ड्या आणि वर आठ पत्ते. “अठ्ठ्याहत्तर,” मी म्हणाले. “बरोबर,” ते म्हणाले आणि एका जुन्या डायरीत आकडा लिहिला. मग त्यांनी एकेका पत्त्याची जाडी मोजायला घेतली. सूर्याचं चित्र असलेला पत्ता इतरांपेक्षा किंचित जाड निघाला. तो हाताला कळणार नाही ना, म्हणून त्यांनी माझे डोळे बांधून मला वीसदा पत्ता ओढायला लावला. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी सुट्टीच्या दिवशी काय केलं, असं आईने फोनवर विचारलं, तेव्हा मी कपडे धुतले असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन सुरू झालं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, किंवा उद्यापर्यंत नक्की कळेल, असेच प्रश्न विचारायचे, असा त्यांचा बेत होता. पहिला प्रश्न होता, “आज बुधवार आहे का?” पत्ता निघाला उलटा टांगलेल्या माणसाचा, एका पायाने झाडाला लटकलेला. काकांनी भिंगातून पुस्तिका वाचली. “थांबा, घाई करू नका, असं म्हणतंय.” ते बराच वेळ विचार करत बसले. “बुधवारबद्दल काय थांबायचं?” दुसरा प्रश्न, उद्या सकाळी नळाला पाणी येईल का. त्यावर एक पेला निघाला, त्यातून पाच धारा वाहत होत्या. काका खूश झाले, आणि दुसऱ्या दिवशी जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी अख्ख्या सिडकोत पाणी आलं नाही.

वीस प्रश्नांत नऊ उत्तरं बरोबर आली.

“नाणं उडवलं तरी दहा येतात,” काका म्हणाले.

“मग लाल चिठ्ठी?”

“नमुना लहान आहे.” असं म्हणून त्यांनी डबीला पिवळी लावली.

होल्डवरचं साधन उत्पादनासाठी वापरायचं नाही, असा कारखान्याचा नियम. म्हणजे खऱ्या माणसाचा खरा प्रश्न या पत्त्यांना विचारायचा नाही. पण गल्लीत बातमी फुटली, आणि समोरच्या घरातल्या ताई हटून बसल्या. त्यांना ब्युटी पार्लर काढायचं होतं. कॉलेज रोडला एक बाई टॅरो बघते, पण तिची वेळ मिळत नाही, साहेब, तुम्हीच बघा. काकांनी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की हे साधन नाण्यापेक्षा वाईट आहे. ताईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “हो, पण काय निघतं ते तरी बघू.” या वाक्यापुढे विज्ञानाचं काही चालत नाही. काका ‘चाचणी’ म्हणून तयार झाले. पत्ते मोजले, मला मोजायला लावले, पिसले, आणि ताईंना डोळे मिटून एक ओढायला सांगितला.

पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा निघाला. काळं चिलखत घातलेला. खाली नाव छापलेलं होतं, ते ताईंना वाचता येत होतं.

काकांनी लगेच पुस्तिका उघडून वाचून दाखवलं की याचा अर्थ मरण नव्हे, याचा अर्थ बदल. पण ताईंचे कान तोवर बंद झाले होते. “साहेब, दुसरा काढते ना,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. काकूंनीही खुणावलं. काकांनी पत्ते डबीत भरले.

“निघाला तो निघाला. नमुना परत काढायचा नसतो.”

ताई चहा न घेता गेल्या. काकू संध्याकाळपर्यंत धुसफुसत होत्या. “एक पत्ता बदलून दिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? बाई रडत गेली दारातनं.”

“आज पत्ता बदलायचा, उद्या सॅम्पल.”

“तुमी रिटायर झाला, मी अजून नाय झाले तुमच्या सॅम्पलातनं.”

पार्लर निघालं, चांगलं चाललंही. ताई मात्र काकांना पाहिलं की तोंड फिरवायच्या, आणि काकांनी डायरीत त्या उत्तरासमोर ‘चूक’ म्हणून फुली मारली.

त्या वेळी मला ते निव्वळ आडमुठे वाटले होते. सॅम्पलची गोष्ट मला नंतर कळली, काकूंकडूनच. कारखान्यात काकांचा एक मित्र होता, त्यांच्याच बरोबर लागलेला, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा. सतरा वर्षं दोघं एका डब्यातून जेवले. एका दिवाळीच्या तोंडावर माल पाठवायची घाई होती. मित्राने क्रेटमध्ये हात घालून सापडतील ते पाच नग घेण्याऐवजी डोळ्यांनी निवडून पाच चांगले घेतले आणि लॉटला हिरवी लावली. काकांनी ते पाहिलं, आणि जसं पाहिलं तसं लिहून दिलं. माल थांबला, मित्राची नोकरी गेली. तो सिडकोतच राहतो, दोन गल्ल्या सोडून. वीस वर्षांत घरी आला नाही.

“यांना वाईट वाटलं नाय असं नाय,” काकू म्हणाल्या. “वर्षभर डबा परत यायचा अर्धा. पण पुन्हा तसं झालं तर काय कराल म्हटलं, तर म्हणतात, तेच.”

मीही लॅबची माणूस. एकदा माझ्या सख्ख्या मामाने विम्यासाठी साखरेचा आकडा जरा खाली आणायला सांगितला होता आणि मी नाही म्हटलं होतं. मामी अजून नीट बोलत नाहीत. त्यामुळे काकांचं मला पटलं आणि भीतीही वाटली. म्हातारपणी आपलं काय होणार आहे, याचा नमुनाच समोर बसलेला होता.

त्याच वर्षी पावसाळा सरताना काकूंना धाप लागू लागली. हृदयातली एक झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल, आणि हे थंडी संपायच्या आत करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू “बरं” म्हणाल्या. मग नवरात्र आलं, घट बसलेले असताना कसं जाणार. मग दिवाळी. मग भाचीचं लग्न. मग त्यांनी एक दिवस सरळ सांगितलं की त्यांना जायचंच नाही. जे व्हायचं ते घरात होऊ दे. घाबरल्या होत्या. विंचूरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला असंच स्ट्रेचरवर घालून आत नेलं होतं, आणि ती बाहेर आली नव्हती.

काका वाद घालायचे नाहीत, ते मोजायचे. जिन्याच्या किती पायऱ्या चढल्यावर काकू थांबतात, हे ते रोज लिहीत. सप्टेंबरात चौदा, दिवाळीला अकरा, डिसेंबरात सात. आलेखाच्या कागदावर ठिपके जोडून त्यांनी रेघ काढली होती आणि ती डॉक्टरांना नेऊन दाखवली होती. डॉक्टर म्हणाले, असा रेकॉर्ड मला कुणी आणून देत नाही. काकांनी हे मला कौतुक म्हणून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. ती रेघ कुठे चालली आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पुढे काढली असती तर ती कागदाच्या बाहेर गेली असती. ते पेन्सिल हातात धरून बसायचे आणि पुढे काढायचे नाहीत.

एका रात्रीच्या जेवणाला त्यांनी पुन्हा विषय काढला. मी तिथेच होते. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुमचे पत्ते काय म्हणत्यात ते बघा. ते हो म्हणले तर जाते.”

काकू कशावर बोट ठेवत होत्या ते मला कळलं. पत्ते होल्डवर होते. काका ते खऱ्या प्रश्नासाठी वापरणार नाहीत, म्हणजे हा विषय कायमचा मिटला. वर पत्त्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दोघांचाही नव्हता. पण बोलणं तोंडातून गेलं होतं, आणि काकूंचं एकदा बोललेलं काकूही मागे घेत नसत.

आठ दिवस गेले. मग काका म्हणाले, “मंगळवारी सकाळी दहा. मॅडमना सुट्टी असते.”

मंगळवारी अंगारकी होती. हे साऱ्या नाशिकला माहीत होतं, एक काका सोडून. तिथी-वार हे त्यांच्या मते न तपासलेलं साहित्य. काकूंचा उपास असायचा, आणि उपासाच्या दिवशी ताटात जे येईल ते ते जेवायचे, एवढाच त्यांचा धर्माशी संबंध.

दहाला मी खाली आले. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. काकूंनी आम्हा दोघांपुढे साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या ठेवल्या. काका भराभर जेवले, पुन्हा मागून घेतली, आणि लिंबू कमी पडलं असंही म्हणाले. मग हात धुऊन डबी उघडली. त्यांनी पत्ते मोजले नाहीत. माझ्यासमोर सरकवले.

“मॅडम, मोजा.”

मी दहा-दहाच्या गड्ड्या लावल्या, पालथ्या. सात गड्ड्या झाल्या. वर सात पत्ते उरले. मी उरलेले पुन्हा मोजले. सातच.

मी वर पाहिलं. काका माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, एक कप चहासुद्धा. आता ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा हात डायरीवर होता, पेनाचं टोपण उघडलेलं. कोणता पत्ता नाही, हे मला विचारायची गरज नव्हती. मला ताईंचा न घेतलेला चहा आठवला. दोन गल्ल्या सोडून राहणारा मित्र आठवला, ज्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं. माझा मामाही आठवला.

“किती?” काकांनी विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर.”

“बरोबर,” ते म्हणाले. डायरीत त्यांनी तारीख लिहिली, प्रश्न लिहिला आणि आकड्याची जागा रिकामी सोडली. बोलताना खोटं बोलवलं, लिहवलं नाही.

काकूंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि पत्ता ओढला.

आता, लबाडीचा अनुभव नसला की काय होतं बघा. त्या गठ्ठ्यात तो घोड्यावरचा सांगाडा एकटाच भीतीदायक नव्हता. पाठीत दहा तलवारी खुपसलेला एक माणूस होता, वीज पडून कोसळणारा मनोरा होता, त्यातून डोक्यावर पडणारी माणसं होती. काकांनी ते सगळे तसेच ठेवले होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला स्वतः करायची वेळ आली तेव्हा ती धड करता आली नाही. काकूंनी पत्ता उलटा केला. त्यावर दगडी ओट्यासारख्या कशावर तरी एक माणूस उताणा पडलेला होता, दोन्ही हात छातीवर जोडलेले. त्याच्या वर तीन तलवारी लटकत होत्या.

काका पुस्तिका शोधू लागले. ती त्यांच्या समोरच होती.

“विश्रांती,” त्यांनी शेवटी वाचलं. “विश्रांती आणि, आणि दुखण्यातून बरं होणं. असं छापलंय. मॅडम, तुम्ही बघा, असंच छापलंय.”

मी पुस्तिका घेतली. खरंच तसंच छापलेलं होतं.

काकू पत्त्याकडे नाही, काकांकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग पत्ता टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “निजलाय चांगला. ऑपरेशन झालेलं दिसतंय त्याचं. चला, डॉक्टरला फोन लावा.”

पुढच्या आठवड्यात त्यांना दाखल केलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी लॅबमधून परस्पर हॉस्पिटलात गेले. काका खाली सह्या करायला गेले होते, म्हणजे अर्धा तास निश्चिंती. प्रत्येक कागद ते दोनदा वाचणार होते. काकू कॉटवर मांडी घालून बसल्या होत्या.

“पोरी, त्या दिवशी पत्ते किती होते गं?”

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हणाले. एकदा बोललं की निभावावं लागतं.

काकू हसल्या. हसताना धाप लागली म्हणून छातीवर हात ठेवला. “नको खोटं बोलू. एक माझ्या साबुदाण्यात हाय.”

मी कॉटच्या कडेला बसले.

“सोमवारी मी भजनाला गेले तवा लपवला असंल. यांना वाटलं, साबुदाणा काय रोज लागतो का. आन् दुसऱ्या दिवशी अंगारकी. मी रात्री भिजवायला डबा उघडला तर घोडेवाला माझ्याकडं बघतोय.” त्या पुन्हा हसल्या. “मी वरवरचा साबुदाणा काढला, त्याला तिथंच राहू दिलं. आन् सकाळी हा बाबा बसून ती खिचडी खातो, वर पुन्हा मागतो. कशाची केली, कुठनं काढली, डोक्यात आलं नाय. एवढा मोठा इन्स्पेक्टर.”

“मग तुम्ही हो का म्हणालात काकू? तुम्हाला तर माहीत होतं की…”

“म्हणून तर म्हणले.” त्यांनी पायावरची चादर सारखी केली. “बाईचा पत्ता बदलला नाय. मित्राला सोडलं नाय, सतरा वर्षं एका डब्यात जेवलेल्या. त्या माणसानं माझ्यासाठी लबाडी केली, आन् ती पण धड जमली नाय त्याला. मग जायलाच पाहिजे का नाय सांग.”

जिन्यात काकांचा आवाज आला. एका फॉर्मवर तारीख चुकीची छापली होती आणि ते एका नर्सला त्याबद्दल सांगत होते.

“बोलू नको यांना,” काकू म्हणाल्या. “मरतील लाजेनं.”

काकू बऱ्या होऊन आल्या. मार्चात त्या न थांबता सगळ्या पायऱ्या चढून गच्चीवर आल्या आणि माझ्या खोलीत चहा प्यायल्या. काका खाली उभे राहून पायऱ्या मोजत होते.

आणि तो पत्ता डब्यातच राहिला. खरं तर काका तो काढून परत ठेवू शकले असते, पण ऑपरेशननंतर काकू घरीच असायच्या, स्वयंपाकघरात ते एकटे असे कधी नसायचेच. किंवा काढायचाच नव्हता, मला माहीत नाही. काकू दर चतुर्थीला त्याच्या भोवतीचा साबुदाणा काढायच्या, आणि डब्यात नवा भरला की त्याला पुन्हा आत खुपसून ठेवायच्या. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्यात एवढं एकच गुपित असावं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

काकांनी प्रयोग मात्र सोडले नाहीत. रोज सकाळी चहानंतर पत्ते मोजायचे. मी जिन्यावरून ऐकायचे. शेवटचा पत्ता खाली ठेवला की ते मोठ्याने म्हणायचे, “अठ्ठ्याहत्तर.” आतून काकू विचारायच्या, “बरोबर का?” काका म्हणायचे, “बरोबर.” डायरीतली जागा रिकामी राहायची.

मग माझं लग्न ठरलं आणि मी खोली सोडली. निघताना मी विचारलं, “काका, आता तरी हिरवी?” काकांनी गंभीरपणे विचार केला. “नमुना एकच आहे, मॅडम,” ते म्हणाले. त्या मंगळवारच्या नमुन्याबद्दल बोलत होते, ते मला कळलं. मी पिवळी चिठ्ठी सोबत घेऊन गेले, ती अजून माझ्या कपाटाच्या आत चिकटवलेली आहे.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून उताणे झोपले, हात छातीवर, ते उठले नाहीत. त्या ओट्यावरच्या माणसाशी याचा संबंध जोडायचा मोह मला होतो, पण विसात नऊ, हा आकडा काकांनी स्वतः काढलेला आहे आणि मी तो मोडणार नाही. मला कळलं तेव्हा मी बाळंतपणासाठी नांदगावला होते, जाता आलं नाही. दोन महिन्यांनी गेले.

काकू बऱ्या होत्या. झडप उत्तम चालली आहे, असं त्यांनी मिक्सरबद्दल सांगावं तसं सांगितलं. मिक्सरला अजून लाल चिठ्ठी होती आणि त्यात अजून चटणी वाटली जात होती. दिवाणखान्यात एक पाहुणे बसले होते, काकांच्याच वयाचे, हातात पिशवी. काकूंनी ओळख करून दिली, हे यांचे कारखान्यातले, दोन गल्ल्या सोडून राहतात. ते आता रोज येतात म्हणाल्या. ते माझ्याकडे बघून हसले आणि थोड्या वेळाने निघून गेले.

काकूंनी टॅरोची डबी आणून माझ्यापुढे ठेवली. वर पिवळी चिठ्ठी होती, कडा फाटलेली.

“तुझ्यासाठी ठेवलेत. मोजून घे, यांचा नियम हाय.” आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी वर्तमानपत्र अंथरलं. खरं तर गरज नव्हती, पण हात तसाच गेला. दहा-दहाच्या गड्ड्या लावल्या. सात गड्ड्या झाल्या. वर आठ पत्ते उरले.

मी ते आठ पुन्हा मोजले. मग उलटे केले. सातवा पत्ता पांढऱ्या घोड्याचा होता, आणि त्याच्या कडांना साबुदाण्याची पांढरी पूड लागलेली होती. काकूंनी तो डब्यातून काढून परत ठेवला होता. लपवायचं आता कुणासाठी होतं?

“बरोबर का गं?” आतून काकूंनी विचारलं.

पत्ते बरोबर अठ्ठ्याहत्तर होते. मला सत्त्याहत्तर म्हणायचं होतं.